पत्ता सांगा

३ जून

लेखक महाशय,

तुमच्या खेळाच्या पहिल्या पानावर तळाला बारीक अक्षरात कंपनीचा पत्ता होता, म्हणून हे पत्र तिकडे पाठवते आहे. पाकिटावर 'अकरा मिनिटं हा खेळ लिहिणाऱ्यास' असं लिहिलंय, कारण तुम्ही नाव कुठेच दिलेलं नाही. दिलं असतंत तर मी तो खेळ हातातच घेतला नसता.

मी खेळ खेळणारी बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. सापशिडीत साप आला की मी पट उलटा करायचे, आणि मग पलंगाखाली शिरून सोंगट्या कोण काढायचं हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा माझ्याकडून कौतुकाची अपेक्षा ठेवू नका.

आमच्या कंट्रोल रूममध्ये दर वर्षी ट्रेनिंग असतं. ॲम्ब्युलन्स मागणारे फोन बावीस वर्षं घेतले तरी ते चुकत नाही. आवाज शांत कसा ठेवायचा, कोणत्या प्रश्नानंतर कोणता, कार्डं कशी वाचायची. ती कार्डांची पेटी आठवत असेल तुम्हाला. मी एकदा घरी आणली होती आणि तुम्ही ती घेऊन बाबांची तपासणी केली होती. 'श्वास चालू आहे का? हो असेल तर कार्ड सात, नाही तर कार्ड नऊ.' बाबा म्हणाले होते, 'श्वास चालू आहे, पण चहा मिळाला नाही तर थांबेल.'

यंदा ट्रेनिंगवाल्या बाईंनी नवीच टूम काढली. म्हणाल्या, या वेळी आपण गोष्टीचा खेळ खेळायचा. प्रत्येकीला एकेक टॅब दिला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, खाली दोन-तीन ओळी, त्यातली एक निवडायची की गोष्ट पुढे सरकते. 'रोज आपण फोनच्या या टोकाला असतो,' म्हणाल्या, 'आज फोन करणाऱ्याच्या जागी बसून बघा.' मी विचारलं, किती मार्कांचा आहे? सगळ्या हसल्या.

पहिली ओळ होती, 'दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. बाबा स्वयंपाकघरात फरशीवर आहेत.' मला काही वाटलं नाही. आमच्याकडे रोज कुणाचे तरी बाबा फरशीवर असतात. मग पुढचं आलं. फ्रिजवर रेडिओ. रेडिओच्या एरियलला अडकवलेला चष्मा. तीन पायांचं स्टूल, चौथ्या पायाच्या जागी विटा.

एरियलला चष्मा कोण अडकवतं हो? मला तरी एकच माणूस माहीत आहे.

खाली दोन ओळी आल्या, 'फोन लाव' आणि 'आधी हाक मार'. मी हाक मारली. मग फोन लावला. पलीकडून एक बाई बोलली. नुसती अक्षरंच होती, पण मला ऐकू आली.

'ॲम्ब्युलन्स सेवा. पत्ता सांगा.'

'ताई?'

'पत्ता सांगा.'

'ताई, मी आहे.'

'तुम्ही कुठून बोलताय? पूर्ण पत्ता सांगा.'

मी टॅब पालथा घातला आणि डोकं दुखतंय म्हणून उठले. बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही.

जाऊ दे. हे तुम्ही-तुम्ही मला जमत नाही. तू असं करायला नको होतंस. सहा वर्षं फोन नाही. घर सोडलंस, नंबर बदललास, कुठे असतोस ते कुणाला सांगितलं नाहीस, आणि आता माझ्याच ऑफिसात, माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या बायकांच्या हातात आपलं स्वयंपाकघर देऊन बसलास. त्यातल्या एकीलाही कळलं नाही ती बाई कोण, एवढीच माझी अब्रू वाचली.

बाबा गेले त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तू म्हणालास, 'तू मला आपल्याच घराचा पत्ता विचारलास.' तुझं माझ्याशी तेवढंच शेवटचं बोलणं. तेव्हा मी जे सांगितलं तेच आता लेखी सांगते. तो नियम आहे. फोन करणाऱ्याच्या तोंडून पत्ता आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. तू शेजाऱ्यांकडून फोन करत असतास तर? माझ्या जागी कुणीही असतं तरी तेच विचारलं असतं. आमचे कॉल नंतर तपासले जातात, त्यांना गुण देतात. त्या कॉलला ऑफिसने शंभरपैकी शंभर दिले होते, हे तुला माहीत नसेल.

उत्तर दिलंस तर बरं. नाही दिलंस तर मी काय करणार.

ताई


१४ जून

लेखक,

महाशय काढून टाकलंय. उत्तर न देणाऱ्याला एवढा मान कशाला?

तुझा खेळ मी माझ्या फोनवर घेतला. म्हणजे तुझ्या दाजींनी घेऊन दिला, चष्मा कपाळावर चढवून, तासभर खटपट करून. 'तू आणि खेळ?' म्हणाले. मी म्हटलं, ट्रेनिंगचा अभ्यास आहे. कुणी लिहिलाय ते त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी स्वतः उघडला असता तर स्टूल वाचूनच ओळखलं असतं. पहिल्यांदा आपल्या घरी आले तेव्हा त्या स्टुलावरूनच पडले होते ना, आणि तुझं हसू थांबेना म्हणून बाबांनी तुला बाहेर काढलं होतं.

मला वाटायचं, खेळ म्हणजे घाई. टकटक बटणं, वरून काहीतरी पडतंय, आपण ते चुकवायचं. तुझ्या खेळात कुणालाच घाई नाही. मी निवडत नाही तोवर तो थांबून राहतो. पहिल्या दिवशी मी 'पत्ता सांग' आणि 'फोन ठेव' या दोन ओळींत अडकले. काही ठरेना. फोन तसाच जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि ड्युटीला गेले. परत आले तर बाबा तिथेच, फरशीवर. दुसऱ्या दिवशीही तसेच. तुझे दाजी टेबल पुसताना म्हणाले, 'हे बंद करू का? बॅटरी संपत आलीय.' मी त्यांच्या अंगावर ओरडलेच. ते बिचारे फडकं हातात धरून उभे. मग मी चार्जर लावला. दोन दिवस मी बाबांना चार्जर लावून ठेवलं होतं असं म्हटलं तर हसशील.

हसू नकोस. ते दोन दिवस मला बरं वाटलं. मी निवडत नाही तोवर पुढचं काही झालेलंच नाही. आमच्या टेबलावर असं कधी होत नाही. तिथे फोनवरचा माणूस गप्प बसला, रडत बसला, तरी समोरचं घड्याळ चालू असतं.

मग म्हटलं, असे खेळ असतात तरी कसे ते बघू. दुसरे दोन खेळून पाहिले. एकात मी दीपगृहाची राखणदार होते. वादळ येतंय, एक बोट येतेय, आणि टेबलावर एक बंद पाकीट. आधी दिवा लावशील की पाकीट फोडशील? मी दिवा लावला, अर्थातच. बोट सुखरूप आली आणि गोष्ट संपली! पाकिटात काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्यात एक म्हातारी भूत होती. तिला मी इतक्या अदबीने उत्तरं दिली की ती कंटाळून निघून गेली. एकूण मला गोष्टीत राहता येत नाही. प्रश्न दिसला की मला त्याचं बरोबर उत्तर द्यायचं असतं.

तू हे लहानपणीच म्हणाला होतास. दुपारी पलंगावर आडवा पडून तू गोष्ट सांगायचास, आणि मध्येच थांबून विचारायचास, 'समोर गुहा आहे. आत काहीतरी गुरगुरतंय. आता काय करशील?' मी म्हणायचे, घरी परत जाईन. तू उशी फेकून मारायचास. 'ताई, तू प्रत्येक गोष्ट मारतेस!' बाबांना विचारलं की ते हातातलं काम टाकून सरळ गुहेत शिरायचे, गुरगुरणाऱ्याला चहा विचारायचे, आणि तुमची ती गोष्ट आठवडाभर चालायची. मी बाजूला बसून कपडे घड्या करायचे. मला कंटाळा येतो असं मी म्हणायचे. कंटाळा येत नसे.

असो. तुझ्या खेळालाही मी माझ्या पद्धतीने भिडले. ड्युटीच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर पेन्सिलीने सगळं काढलं, इथे हे निवडलं की तिथे, तिथे ते निवडलं की इकडे. आमच्या कार्डांसारखंच आहे रे ते. मला वाटलं, एवढी कार्डं पाठ असलेली बाई मी, शोधून काढीन. बाबा उठून बसतात अशी एखादी तरी वाट तू ठेवली असशील. आधी शेजाऱ्यांकडे धावले. आधी दार उघडून ठेवलं. बाबांच्या शर्टाचं वरचं बटण काढलं. पत्ता विचारायच्या आत सांगून टाकला. फोन ठेवून पुन्हा लावला, म्हटलं, दुसरी कुणी उचलेल. तीच उचलते.

सतरा वाटा निघाल्या. सतराही एकाच पडद्यावर येतात.

आणि तिथे तुझा खेळ बिघडलेला आहे, हे कळवायला हे पत्र. ती बाई म्हणते, 'छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा. जोरात दाबा. मी मोजते.' खाली तीन ओळी येतात. 'दाब.' 'दाबतोय असं सांग.' 'खरं सांग.' मी 'दाब' निवडते. तर लिहून येतं, 'तू गुडघ्यांवर बसतोस. हात पुढे येत नाहीत.' आणि ती ओळच नाहीशी होते. तिसरी, 'खरं सांग', पुसट आहे, राखेच्या रंगाची. तिच्यावर कितीही बोट ठेवा, काही होत नाही. मी चष्मा बदलला, बोट पुसलं, दाजींचं बोट लावून पाहिलं. उरते ती एकच, मधली. ती निवडली की बाई मोजायला लागते आणि मोजतच राहते, गाडी येईपर्यंत.

ते दुरुस्त कर. बिघाडामुळे वाचणाऱ्याचा भलताच समज होईल.

ताई


२७ जून

तुझ्या कंपनीतून पत्र आलं. पाकीट घाईने फोडलं, पण अक्षर तुझं नव्हतं. कुणा बाईंनी टाइप केलेल्या चार ओळी. 'आपली दोन्ही पत्रं लेखकाकडे पोचवली आहेत. लेखक आमच्या कार्यालयात बसत नाहीत आणि त्यांचा पत्ता आम्हाला देता येणार नाही. आपण कळवलेला बिघाड तपासला. तो बिघाड नाही. ती ओळ दिसावी पण निवडता येऊ नये, अशी लेखकाची स्पष्ट सूचना आहे.'

म्हणजे पत्रं मिळाली तुला.

मला बिघाडच वाटला होता असं समज. निदान मी तसं लिहिलं तरी होतं.

काल ट्रेनिंगचा दुसरा भाग झाला. या वेळी उठून जायला निमित्त नव्हतं, मागच्या वेळची डोकेदुखी सगळ्यांच्या लक्षात होती. सगळ्यांनी खेळ संपवला होता. गोल करून बसलो. ट्रेनिंगवाल्या बाई म्हणाल्या, 'काय वाटलं ते मोकळेपणाने बोला.' एक म्हणाली, 'त्या माणसाची कीव आली.' दुसरी म्हणाली, 'कीव कसली, बाप समोर पडलाय आणि खोटं काय बोलतो!' तिला मी तिथल्या तिथे चार शब्द सुनावणार होते. घोटभर पाणी प्यायले.

मग बोलणं फोनवरच्या बाईवर आलं. एकही प्रश्न चुकली नाही, आवाज एकदाही चढला नाही, म्हणजे कामात शंभर नंबरी, असं सगळ्यांचं मत पडलं. माझ्या शेजारची, जिच्याबरोबर मी बारा वर्षं डबा खाते, ती म्हणाली, 'काम चोख आहे हो, पण असली बाई घरी असली तर करायचं काय तिचं? भिंतीला लावायची का?' हशा पिकला. मीही हसले. सगळ्या थांबल्या तरी मी जरा वेळ हसतच होते.

शेवटी नव्या बॅचमधल्या एकीने हात वर केला. दोन लेकरांची आई आहे, उशिरा नोकरीला लागलीय, सगळं वहीत लिहून घेते. तिने विचारलं, 'तो दाबत नाहीये, हे फोनवरच्या बाईला कळलं असेल का?' ट्रेनिंगवाल्या बाई म्हणाल्या, 'हे आपल्या सगळ्यात जुन्या मॅडमनाच विचारू या,' आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी उत्तर दिलं. सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. काय दिलं ते आज लिहीत नाही.

मला तुला दुसरंच विचारायचं होतं. तुझ्या खेळातला तो चार वेळा 'ताई' म्हणतो. ती बाई त्याचं नाव एकदाही घेत नाही. सतराही वाटांत मी थांबून बघते, आता घेईल, निदान शेवटी घेईल. घेत नाही. तू लिहायला विसरलास असं म्हणावं, तर त्या कॉलचं रेकॉर्डिंग मी ऐकलेलं आहे. तू काही विसरलेला नाहीस.

मीही या पत्रांत ते घेतलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. लिहायला बसते आणि हात तिथे अडतो.

ताई


२ जुलै

पाच पानं लिहिली आणि फाडली. पाचही पानं नियमांवरच होती. दाजी विचारत होते, एवढं काय लिहितेस? म्हटलं, अभ्यास.


६ जुलै

बारक्या,

लिहिलं बघ. तीन अक्षरांना सहा वर्षं आणि चार पत्रं लागली.

त्या नव्या बाईला मी काय उत्तर दिलं ते आधी सांगते. मी म्हटलं, 'श्वासावरून कळतं. छाती दाबणाऱ्याचं बोलणं तुटतं. अंगातला जोर हातात जातो, तोंडून आकडे अर्धवट निघतात, धाप लागते. ज्याचं "हो, दाबतोय" सरळ एका दमात येतं, तो दाबत नसतो.' तिने विचारलं, 'किती वेळात कळतं?' मी म्हटलं, 'पहिल्या दहा आकड्यांत.' अगदी वर्गात शिकवतात तशा आवाजात म्हटलं. मग माझेच शब्द मला ऐकू आले.

तर मला कळलं होतं, बारक्या. पहिल्या दहात. तू 'दाबतोय' म्हणालास, मागे रेडिओवर बातम्या चालू होत्या, आणि तुझा श्वास लहानपणी रडू आवरताना अडकायचा तसा अडकत होता. दमलेल्या माणसाचा श्वास तसा नसतो. मला कळलं आणि मी मोजत राहिले. एक, दोन, तीन, चार. 'छान करताय. थांबू नका.' गाडी दारात येईपर्यंत, अकराव्या मिनिटापर्यंत. 'छान करताय' म्हणाले मी तुला.

का, ते मला आजही सांगता येत नाही. कार्डावर स्पष्ट लिहिलंय, फोन करणारा कचरत असेल तर त्याला पुन्हा सांगा, ठामपणे सांगा. माझं तोंडपाठ आहे ते. 'बारक्या, दाब रे' एवढं म्हणाले असते तर तुझे हात पुढे आले असते का? सगळ्या वाटांत मी हीच एक ओळ शोधत होते. तूही तीच शोधत असणार, नाहीतर सहा वर्षांनी हा खेळ कशाला लिहिला असतास?

हात पुढे आले असते तर बाबा वाचले असते का, हेही तू विचारत असशील. मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन. तिन्ही वेळा म्हणाले, 'सांगता येत नाही.' तुला बरं वाटावं म्हणून मी 'नसतेच वाचले' असं लिहू शकते. पण ते लिहिणार नाही. तू खोटं बोललास, मी खोटं चालवून घेतलं, आता तिसरं नको.

तुला माहीत नसेल, नातलगाचा फोन आला तर आम्ही हात वर करायचा असतो. शेजारची तो कॉल आपल्याकडे घेते. तुझं 'ताई' ऐकलं तेव्हा मी हात वर करायला हवा होता. तो टेबलावरून उठेना. तुझ्या खेळात 'हात पुढे येत नाहीत' ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तुझा राग आला नाही, मला ती ओळ ओळखीची वाटली. रागाचं सोंग नंतर आणलं, बिघाडाचं पत्र लिहिताना.

आणि पत्त्याचं. तुला पायऱ्यांवर सांगितला, पहिल्या पत्रात सांगितला, साहेबांना सांगितला, तो नियम खरा आहे. पण कॉल घेणारीला पत्ता पक्का माहीत असेल तर तिने तो स्वतः टाकून गाडी सोडावी, हेही त्याच कार्डावर खाली लिहिलेलं आहे. मी तुला पत्ता विचारला, कारण मला तो आठवत नव्हता.

खरंच आठवत नव्हता रे. तू 'ताई' म्हणालास आणि डोकं कोरं झालं. बोटं कीबोर्डवर तयार. ज्या घरात आपण दोघं वाढलो, ज्याच्या दारावरचा नंबर मी तुला खांद्यावर बसवून तुझ्याकडून रंगवून घेतला होता, तो नंबर, ती गल्ली, काही म्हणजे काही नाही. फ्रिजवरचा रेडिओ दिसत होता. एरियलला अडकवलेला चष्मा दिसत होता. पत्ता नाही. म्हणून विचारला, आणि तुला ओळखत नसल्यासारखा विचारला, कारण ओळख दाखवली असती तर आठवत नाही हे सांगावं लागलं असतं. तू सांगितलास तेव्हाही तो मला कुणा परक्याचा वाटला. मी तो तुला परत वाचून दाखवला, आठवतं? कॉल तपासणाऱ्यांना वाटलं, किती काटेकोर बाई. तो बरोबर आहे की नाही हेच मला कळत नव्हतं. यात सव्वीस सेकंदं गेली. रेकॉर्डिंगवर मी मोजलीत, पुन्हा पुन्हा मोजलीत, पंचवीस कधी होत नाहीत.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. शंभर गुणांचा तो कागद आला तेव्हा साहेबांनी केबिनमध्ये बोलावून माझं अभिनंदन केलं. म्हणाले, स्वतःच्या वडिलांचा कॉल आणि इतकी शांत! कागद ऑफिसच्या खणात आहे. फाडवत नाही आणि बघवत नाही. काल दाजींना सगळं सांगितलं. त्यांनी उठून तुझा खेळ उघडला आणि त्या पुसट ओळीवर पुन्हा एकदा बोट दाबून पाहिलं, उघडतेय का म्हणून. भला माणूस आहे.

ती ओळ तू का बंद ठेवलीस ते मला आता कळतं. मी तिकडे मोजत असताना तू कुठल्या तोंडाने खरं सांगणार होतास? आधी मी सांगायला हवं होतं. सांगितलं आता, पण फोन केव्हाच ठेवला गेलाय, आणि याने बाबांचं, तुझं, माझं काही बदलत नाही, तेही कळतं मला.

हे पत्र त्या कंपनीच्या बाई तुझ्याकडे पोचवतील. पुढचं माझ्या हातात नाही. तू वाचून ठेवून देशील, फाडशील, नाहीतर उत्तर देशील. मी थांबेन. तुझ्या खेळाने मला तेवढं शिकवलंय, समोरचा निवडत नाही तोवर गप्प बसून थांबायचं.

रेडिओ माझ्याकडे आहे. खरखरतो, पण चालतो. तुला हवा असेल तर घेऊन येते, नको असेल तर नुसती येते. पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिलाय. साहेबांनी विचारलं, 'कुठे जाणार?' आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, त्या दिवशी पडद्याकडे बघत होते तशीच.

त्या दिवशी मला खरंच माहीत नव्हता. आजही माहीत नाही.

बारक्या, पत्ता सांग.

ताई